एआरटी चालू असताना पीटीएसडीवर उपचार: आधी व्हायरल लोड की आधी मन?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ताई ३८ वर्षांच्या, गेली आठ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर. दाजी वारल्यावर सासरच्यांनी त्यांना दोन दिवस खोलीत कोंडलं, मारहाण केली आणि घराबाहेर काढलं. त्याला दीड वर्ष झालं, आता त्या माहेरी तुमच्याकडे आहेत. रात्री ओरडत उठतात, बाहेरून कडी वाजली तरी अंग थरथरतं. गोळ्या चुकतात, एआरटी सेंटरच्या तारखाही चुकतात, आणि शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, १८,००० आला. गावातल्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ दिली, ती पाच महिने रोज चालू आहे. एक जण म्हणतो, एचआयव्हीच्या गोळ्यांनीच स्वप्नं पडतात, बंद करा. दुसरा म्हणतो, आधी व्हायरल लोड खाली येऊ द्या, मनाचं नंतर बघू.

पहिला सल्ला सरळसरळ धोक्याचा आहे. दुसरा शहाणपणाचा वाटतो, पण त्यात क्रम चुकलाय. व्हायरल लोड वाढायचं कारणच जर मनाच्या आजारात असेल, तर तो खाली यायची वाट बघून मनाचा उपचार कधीच सुरू होणार नाही.

पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, आणि त्याचं एक मुख्य लक्षण म्हणजे टाळणं. ज्या गोष्टीने तो प्रसंग आठवतो तिच्यापासून माणूस लांब राहतो. आता विचार करा, ताईंना कोंडलं तेव्हा त्यांच्या गोळ्या कुठे होत्या? हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाय का? अशा घरांमधल्या मारहाणीत गोळ्यांची बाटली हमखास मध्ये येते. ती फेकली जाते, लपवली जाते, चारचौघांत दाखवून शिव्या दिल्या जातात. मग तीस गोळ्यांची ती पांढरी बाटली, तिचा खुळखुळ आवाज, सेंटरच्या बाहेरची रांग, नावाचा पुकारा, या सगळ्या त्या खोलीत परत नेणाऱ्या गोष्टी होतात. कागदावर याला ‘अनियमित रुग्ण’ म्हणतात. आळस किंवा बेफिकिरी समजून उपदेश केला की रुग्ण आणखी लांब जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही उपचार एकाच वेळी, एकाच आराखड्यात.

पुढचं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. धोका खरंच संपलाय का, हे मी सगळ्यात आधी विचारतो. सासरची माणसं अजून धमक्या देतात का? वाटेत गाठतात का? तसं असेल तर ताईंची भीती हा आजार नसून शहाणपण आहे आणि आधी सुरक्षितता बघायची. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तालुक्याचे संरक्षण अधिकारी. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. राहत्या सामायिक घरातून एचआयव्हीमुळे बाहेर न काढलं जाण्याचा हक्क त्यात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो. मात्र कोर्टाची तारीख आणि थेरपीची अवघड बैठक एकाच आठवड्यात येऊ देऊ नका.

दुसरं, जिवाचं विचारा. सरळ शब्दांत: “ताई, जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. उत्तर हो असेल आणि साधन हाताशी असेल, तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. घरात कीटकनाशक असेल तर ते आजच हलवा. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसरं शरीर. व्हायरल लोड वाढलेला असताना सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती आहे हे पाहिल्याशिवाय सगळं मनावर ढकलायचं नाही. सीडी-४ २०० च्या खाली असेल आणि नवी डोकेदुखी, ताप, उलट्या, बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणं यातलं काही असेल, तर क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर, टीबीचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मोसिस यांची तपासणी तातडीची. ते काही नसलं तरी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) एकदा करून घ्यावं. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड, घाम, झोप उडणं हे सगळं होतं. दारूचंही विचारा, बायकांना कोणी विचारत नाही म्हणून राहून जातं.

आता स्वप्नांचं. लोकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पूर्वीच्या टीएलई गोळीत एफाव्हिरेन्झ होतं, आणि त्याने भडक, विचित्र स्वप्नं, चक्कर, उदासी येणं नेहमीचं होतं. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायला सांगायचे. आपल्याकडे साधारण २०२०-२१ पासून बहुतेक रुग्ण टीएलडीवर आले: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. गोळी बदलली, पण रात्रीची सवय तशीच राहिली. ताई आठ वर्षांपासून औषधावर आहेत, म्हणजे त्या बहुधा टीएलईवरून आलेल्या. डोल्युटेग्राव्हिरनेही काही जणांची झोप उडते, त्यामुळे ते सकाळी घेतलेलं बरं. बदल सोपा आहे. रोज रात्री नऊला घेत असतील तर रात्रीची गोळी घ्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला पुढची, आणि मग रोज सकाळी. एकदा अंतर बारा तासांचं झालं तर बिघडत नाही, ते छत्तीस तासांचं होऊ द्यायचं नाही.

औषधाची स्वप्नं आणि आघाताची स्वप्नं ओळखायची कशी? औषधाची स्वप्नं बहुधा रोज वेगळी, रंगीत, असंबद्ध असतात आणि औषध सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर काही आठवड्यांत लागतात. आघाताचं स्वप्न तेच ते असतं, तीच खोली, तीच माणसं. घामाने भिजून जाग येते, आणि दिवसाही त्याची झलक येत राहते. ताईंचं कडीचं थरथरणं दिवसाचं आहे, त्यामुळे माझा कल दुसऱ्या बाजूला. गोळीची वेळ सकाळी करून महिनाभर बघा. फरक पडला नाही तर एआरटीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांना हिपॅटायटिस बीसुद्धा आहे त्यांच्या बाबतीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन अचानक थांबलं की लिव्हरचा आजार उसळतो.

जाता जाता, याच गोळीबद्दल घरोघरी होणारी एक चूक. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड रिकाम्या पोटी डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतलं तर औषध नीट शोषलंच जात नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम-लोह जेवणाबरोबर असेल तर एकत्र चालतं, अँटासिड चालत नाही. गोळ्या नियमित असूनही व्हायरल लोड उतरत नसेल तर मी हे आधी विचारतो.

अल्प्राझोलामवर माझा आक्षेप आहे. तिने तासाभराने झोप लागते हे खरं, पण पीटीएसडीची मुख्य लक्षणं जात नाहीत. शिवाय भीतीला सामोरं जाऊन मन जे शिकायचं असतं, ते ती शिकू देत नाही. पाच महिन्यांत शरीराला सवय लागलेली असते, म्हणून एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीत दर दोन आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करत जायचं. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू. आणखी एक अडचण पुढची आहे. उद्या ताईंना रिटोनाव्हिर असलेल्या सेकंड लाइन औषधांवर, म्हणजे पहिली औषधं निकामी झाल्यावर देतात त्यांच्यावर, जावं लागलं, तर अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि तेवढ्याच डोसने गुंगी येऊन पडायची भीती असते. अगदी अडलंच तर थोड्या दिवसांसाठी लोराझेपाम त्यातल्या त्यात बरं, कारण शरीर ते वेगळ्या मार्गाने बाहेर टाकतं.

निदानाकडे येतो. मन नेमकं कोणत्या प्रसंगावर अडकलंय हे शोधणं हा निम्मा उपचार आहे. एचआयव्ही आहे म्हणजे तो रिपोर्ट कळण्याचा क्षणच आघात, असं पुष्कळजण धरून चालतात. २०१३ पासूनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीच्या निकषांत फक्त गंभीर आजार कळणं हा पीटीएसडीचा प्रसंग धरत नाहीत. मृत्यूची प्रत्यक्ष भीती, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा असावी लागते. रिपोर्टचा धक्का, दाजींचं दुःख, लोकांची नजर या गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्यांचा उपचार वेगळा: शोकाचं समुपदेशन, पुढच्या आयुष्याची घडी, लाजेवर काम. ताईंची ती दोन दिवसांची खोली मात्र निकषात चपखल बसते. लक्षणं एक महिन्याहून जास्त टिकलेली हवीत, इथे तर दीड वर्ष झालंय. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी असते, गुण ० ते ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की पीटीएसडीचा दाट संशय. मला तो आकडा निदानापेक्षा मोजमापासाठी जास्त उपयोगी वाटतो. दर दोन आठवड्यांनी तीच यादी भरली की उपचार चालतोय की नाही ते कळतं. भरताना सगळी उत्तरं त्या खोलीच्याच संदर्भात द्यायची, नाहीतर आजाराची चिंता आणि घराची चिंता मिसळून आकडा फुगतो.

उपचारात पहिला मान थेरपीला, गोळीला नाही. ‘आमची ताई आधीच खचलेली, तिला ते सगळं परत बोलायला लावणार?’ ही भीती घरच्यांना असते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांनाही असते. एचआयव्ही असलेल्यांना ही थेरपी झेपत नाही असं धरायला आधार नाही. सीडी-४ कमी आहे म्हणून पुढे ढकलण्याचंही कारण नाही, अंगात ताप आणि अशक्तपणा नसला म्हणजे झालं.

प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, म्हणजे टाळलेल्या गोष्टींना आणि आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची थेरपी. तिच्यात ८ ते १५ बैठका, आठवड्याला एक, साधारण दीड तासाची. पहिल्या दोनेक बैठकांत समजावणं, श्वास संथ करायला शिकणं आणि भीतीची पायरीमाला. ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे असह्य. ताईंसारख्या रुग्णाची पायरीमाला अशी काही दिसते: बंद बाटली हातात धरून बसणं ३०, बाटली हलवून आवाज ऐकणं ४०, गोळी ताटाशेजारी ठेवून ती घेणं ५०, सिव्हिलच्या गेटपर्यंत जाणं ५५, आतून कडी लावलेल्या खोलीत एकटं बसणं ७०, सेंटरच्या बाकावर बसून पुकारा ऐकणं ८०. सुरुवात ३०-४० पासून. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्याने उतरेपर्यंत किंवा पाऊण तास थांबायचं. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते: भीती टोकाला असताना उठून गेलं की मनाला कळतं, ‘पळालो म्हणून वाचलो’, आणि पुढच्या वेळी पायरी आणखी उंच वाटते. एकच पायरी रोज करायची, आठवड्यातून एकदा केल्याने काही होत नाही. यातली सोय अशी की पहिल्या तीन पायऱ्या म्हणजे गोळी वेळेवर घेण्याचाच सराव. म्हणून मी दोन उपचार वेगळे मानत नाही.

पायरीमालेत काय घालायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. सासरच्या घरी जाणं नाही. शेजाऱ्यांना एचआयव्ही सांगणं नाही. सराव फक्त खोट्या धोक्याशी करायचा असतो, आणि लोकांना कळल्यावर होणारा त्रास खोटा नाही. कोणाला सांगायचं हा निर्णय ताईंचा, थेरपीचा गृहपाठ नव्हे.

नंतरच्या बैठकांत तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय तसा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचा असतो, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. आपल्याकडे घरात फोन एकच आणि तो सगळ्यांच्या हातात, तेव्हा हे रेकॉर्डिंग चुकीच्या कानावर पडणं हा खरा धोका आहे. लॉक असलेला वेगळा फोन नसेल तर घरचं ऐकणं वगळून आठवड्याला दोन बैठका घ्याव्यात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वप्नं थोडी वाढतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर रुग्ण नेमका तिथेच थेरपी सोडतो.

भीतीपेक्षा लाज आणि अपराधीपणा जास्त असेल, म्हणजे ‘माझ्यामुळेच झालं’, ‘मी घाणेरडी आहे’, तर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (सीपीटी) मला जास्त पटते. १२ बैठका, प्रसंगाचं सविस्तर वर्णन न करताही चालते, आणि अडकलेला एकेक विचार वहीत मांडून तपासला जातो. ‘मी आधीच घर सोडलं असतं तर मार बसला नसता’ असा विचार असेल तर: त्या वेळी हातात पैसे किती होते? जायला जागा होती का? दार कोणी लावलं? लिहिता येत नसलं तरी तोंडी करता येतं. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारी थेरपी, हाही चांगला पर्याय आहे, शिकलेला माणूस हाताशी असला तर.

गोळ्या केव्हा? थेरपिस्ट मिळायला वेळ लागणार असेल, सोबत मोठं नैराश्य असेल, किंवा ताईंनाच बोलायचं नसेल तेव्हा. माझी पहिली निवड सर्ट्रालिन, कारण टीएलडीशी तिचा महत्त्वाचा संघर्ष नाही. आठवडाभर २५ मिलिग्रॅम, मग ५०, नाश्त्यानंतर. पहिले दहा दिवस मळमळ, पातळ शौच, अस्वस्थता वाढणं हे होतं आणि जातं. दोन ते चार आठवड्यांनी गरजेप्रमाणे १००, कमाल २००. ५० वर तीन आठवडे ठेवून ‘लागू पडत नाही’ म्हणून औषध बदलणं ही नेहमीची चूक. पुरता अंदाज यायला ८ ते १२ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही वर्षभर चालू ठेवायची आणि मग हळूहळू उतरवायची. आधी कधी उन्माद, म्हणजे दिवसेंदिवस न झोपता अति उत्साह, असं झालं होतं का ते विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ताई टीएलडीवर नसतील तर गणित बदलतं. एफाव्हिरेन्झने सर्ट्रालिनचं प्रमाण घटतं, दारुनाव्हिर-रिटोनाव्हिरनेही घटतं, मग डोस वर न्यावा लागतो. रिटोनाव्हिरबरोबर क्वेटियापिन झोपेसाठी नेहमीच्या डोसात दिली तर माणूस दिवसभर गुंगीत राहतो. सूचनेनुसार डोस सहाव्या हिश्शावर आणायचा असतो. कार्बामाझेपिनने डोल्युटेग्राव्हिर घटतं, मनोविकाराच्या डॉक्टरांना एआरटीची माहिती नसेल तर हे घडून जातं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची जादा ५० ची गोळी बारा तासांनी लागते. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट अजिबात नको. डोकेदुखीला रोज डायक्लोफेनॅकही नको: टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंडावर ताण आणि सर्ट्रालिनसोबत पोटात रक्तस्रावाची भीती.

फक्त स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली नाही, तरी काहींना नक्की उपयोग होतो. झोपताना १ मिलिग्रॅम, रक्तदाब बघत हळूहळू वाढवायची. पहिल्या रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडायची शक्यता असते, म्हणून आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं.

व्हायरल लोड १,००० च्या वर आहे म्हणजे सेंटर आता गोळ्यांच्या नियमिततेवर भर देऊन साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासेल. ही तीन महिन्यांची खिडकी थेरपीसाठी वापरा. औषध तडकाफडकी बदलायची घाई नको. गोळी पोटात जातच नसेल तर सेकंड लाइनही पोटात जाणार नाही, वर रिटोनाव्हिरमुळे मनाच्या औषधांची निवड अवघड होऊन बसेल. एक दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही. बाटलीच्या आवाजाचा त्रास असेल तर आठवड्याच्या सात गोळ्या साध्या डबीत काढा, बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्या. हा सुरुवातीचा टेकू आहे, पुढे बाटलीची पायरी करायचीच.

थेरपिस्ट मिळणार कुठे? एआरटी सेंटरच्या समुपदेशकाकडून आघाताच्या थेरपीची अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं शिक्षण नाही. पण ते सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीला चिठ्ठी देऊ शकतात आणि दोन्हीकडची तारीख एकाच दिवशी लावू शकतात, म्हणजे एसटीचा एक फेरा वाचतो. मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. भेटल्यावर सरळ विचारा: ‘तुम्ही प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, सीपीटी किंवा ईएमडीआर करता का?’ नुसतं ‘समुपदेशन करतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

तुमच्यासाठी एक. हे सगळं ताईंच्या संमतीने. मनोविकाराच्या डॉक्टरांना एआरटीबद्दल कळणं गरजेचं आहे, पण ते सांगायचं ताईंनी, किंवा त्यांनी हो म्हटल्यावर तुम्ही. त्यांच्या संमतीशिवाय ही माहिती पुढे देणं कायद्याने मना आहे. ‘विसरून जा’ म्हणू नका, आणि वहिनींसमोर गोळ्या मोजू नका. रात्री ओरडल्या तर हात लावून हलवू नका. दिवा लावा, थोडं लांबून नाव घ्या, आणि ‘ताई, तू आपल्या घरी आहेस, मी आहे’ एवढंच म्हणा.

पहिल्या भेटीला ग्रीन बुक (एआरटी सेंटरची नोंदवही), व्हायरल लोड आणि सीडी-४ चे शेवटचे रिपोर्ट, अल्प्राझोलामचं पाकीट आणि घरात चालू असलेली झाडपाल्याची औषधं धरून सगळ्या औषधांची यादी न्या. डॉक्टरांच्या खोलीत ताईंना आधी एकटीला जाऊ द्या, दार बंद करायचं की थोडं उघडं ठेवायचं हे त्यांना ठरवू द्या.